अल्गॉल एकच दिसतो, मग तिथे दोन तारे आहेत हे कशावरून ठरलं?

तुमचा प्रश्न असा आहे: अल्गॉल तारा दर तीन दिवसांनी मंदावतो, कारण तिथे दोन तारे एकमेकांना ग्रहण लावतात असं वाचलं, पण दुर्बिणीतून ठिपका एकच दिसतो, मग दोन आहेत हे ठरवलं कसं? आणि हे घरच्या गच्चीवरून बघता येईल का?

बघता येईल, तेही नुसत्या डोळ्यांनी. कसं ते शेवटी सांगते. आधी मुख्य प्रश्न, कारण आकाशातल्या ज्या थोड्या गोष्टींवर माझा खरा जीव आहे त्यांतली ही एक आहे.

अल्गॉल ययाती तारकासमूहात आहे, शर्मिष्ठेकडून कृत्तिकांकडे जाताना वाटेत लागतो. एरवी त्याची प्रत 2.1 असते (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी तो उतरत उतरत 3.4 प्रतीपर्यंत जातो आणि तसाच परत चढतो. सगळा प्रकार साधारण दहा तासांचा, पण त्यातली बरीचशी घसरण तळाच्या आधीच्या दोन-अडीच तासांत होते. प्रतीच्या आकड्यांवरून फरक किरकोळ वाटतो, पण उजेडाचा हिशेब केला तर जवळजवळ 70 टक्के प्रकाश गेलेला असतो. आणि हे घड्याळ लावल्यासारखं नेमाने चालतं.

हा नेमच पहिला धागा ठरला. तारा मंदावतो हे इटलीच्या मोंतानारीने सतराव्या शतकातच टिपलं होतं. पण त्यात ठरावीक वेळापत्रक आहे हे दाखवलं इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिकने. त्याला ऐकू येत नव्हतं. 1782 च्या नोव्हेंबरात त्याने अल्गॉल उतरलेला पाहिला, मग शेजारी राहणारा मित्र एडवर्ड पिगॉट आणि तो मिळून रात्रीमागून रात्री बघत राहिले. 1783 साली रॉयल सोसायटीपुढे त्याचं टिपण वाचलं गेलं तेव्हा तो अवघा 18 वर्षांचा होता. त्याने दोन शक्यता मांडल्या: एक तर ताऱ्याभोवती एखादा काळा गोल फिरत असावा, नाहीतर ताऱ्याच्या अंगावर मोठे डाग असून तो स्वतःभोवती फिरत असावा. त्याच वर्षी त्याला रॉयल सोसायटीचं मानाचं कॉप्ली पदक मिळालं, आणि 1786 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो गेलाही. एवढ्या थोडक्या आयुष्यात त्याने डेल्टा सेफेई आणि बीटा लायरी या आणखी दोन ताऱ्यांचे चढउतारही मोजून ठेवले. त्याच्याबद्दल लिहिताना मला दर वेळी भरून येतं.

पण तुम्ही विचारताय तो पुरावा अजून मिळाला नव्हता. फिरणारा गोल की डाग, हे नुसत्या तेजावरून सुटेना आणि प्रश्न शंभर वर्षं तसाच राहिला. तो सोडवला जर्मनीत पॉट्सडॅमला हेरमान फोगेलने, 1889 मध्ये. त्याने अल्गॉलचा वर्णपट घेतला, म्हणजे त्याचा उजेड रंगांच्या पट्ट्यात फोडून पाहिला. तारा आपल्यापासून दूर जात असेल तर वर्णपटातल्या काळ्या रेषा तांबड्या बाजूला सरकतात, जवळ येत असेल तर निळ्या बाजूला. ग्रहणाआधी रेषा तांबडीकडे सरकलेल्या, ग्रहणानंतर निळीकडे. म्हणजे तेजस्वी तारा ग्रहणाआधी आपल्यापासून लांब चालला होता, पलीकडून वळला आणि ग्रहण संपल्यावर आपल्याकडे येऊ लागला. वेग सेकंदाला सुमारे 40 किलोमीटर. नुसते डाग असते तर अख्खा तारा असा मागेपुढे झाला नसता. कोणीतरी वजनदार जोडीदार त्याला फिरवत होता, आणि हा जोडीदार ज्या वेळी तेजस्वी ताऱ्याच्या आणि आपल्या मध्ये यायला हवा त्याच वेळी उजेड कमी होत होता. फोगेललाही दुर्बिणीत ठिपका एकच दिसत होता, तरी दुसरा तारा सिद्ध झाला.

दुर्बिणीला दोन का दिसत नाहीत? कारण दोघांमधलं अंतर एक कोटी किलोमीटरहूनही कमी आहे. बुधसुद्धा सूर्यापासून सरासरी 5.8 कोटी किलोमीटरवर आहे. त्यात अल्गॉल आपल्यापासून 90 हून अधिक प्रकाशवर्षं दूर. अलीकडे कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर, दूर दूर ठेवलेल्या अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून दोन्ही तारे वेगळे पाहिले गेले आहेत, पण तोपर्यंत त्यांच्याबद्दल जे काही कळलं ते या एका ठिपक्याच्या उजेडावरूनच.

आणि काय काय कळलं! ग्रहण किती वेळ चालतं यावरून तारे कक्षेच्या मानाने केवढे ते निघतं. वर्णपटातून वेग मिळतो, वेग आणि कालावधीवरून कक्षा किलोमीटरमध्ये मिळते. कक्षा मिळाली की गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने वजन. पुन्हा प्रत्येक फेरीत ग्रहणं दोन असतात: एकदा तेजस्वी तारा झाकला जातो, एकदा मंद. या दोन उतारांच्या खोलीची तुलना केली की दोघांच्या तापमानाचं गुणोत्तर हाती येतं. एकट्या ताऱ्याचं वजन असं थेट करता येत नाही. ताऱ्यांच्या वस्तुमानांचे आणि आकारांचे सर्वांत भरवशाचे आकडे अशा ग्रहण लावणाऱ्या जोड्यांनीच दिले आहेत, म्हणून मी त्यांना नुसती गंमत म्हणून बघत नाही. 2019 मध्ये मोठ्या मॅगेलन मेघाचं, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेचं, अंतर एका टक्क्याच्या अचूकतेने ठरलं, तेही तिथल्या अशाच वीस जोड्यांवरून.

अल्गॉलचे आकडे मात्र बाहेर आले तेव्हा वेगळाच पेच पडला. तेजस्वी तारा सूर्याच्या 3.2 पट वजनाचा, निळसर, सुमारे 13,000 केल्विनचा आणि अजून तरुण. मंद जोडीदार सूर्याच्या फक्त 0.7 पट वजनाचा, पण आकाराने तेजस्वी ताऱ्याहून मोठा, फुगलेला, सुमारे 4,500 केल्विनचा. म्हणजे म्हातारपणाकडे झुकलेला. इथेच गाडी अडली. जड तारा आपलं इंधन भराभर जाळतो, त्यामुळे आधी म्हातारा व्हायला हवा तो जड. दोघं जन्मले एकत्र, मग हलका आधी कसा म्हातारा झाला?

1955 मध्ये जॉन क्रॉफर्डने उत्तर सुचवलं आणि पुढे संगणकावरच्या गणितांनी ते पक्कं झालं: आज हलका असलेला तारा एके काळी जड होता. तो आधी म्हातारा होऊन फुगला, तेव्हा त्याचे बाहेरचे थर जोडीदाराच्या ओढीत सापडले आणि तिकडे वाहून गेले. देता देता देणारा हलका झाला आणि घेणारा भारी. हे देणं-घेणं पूर्ण थांबलेलंही नाही. आजही थोडा वायू तिकडून इकडे वाहतो आहे. एकट्या ताऱ्याचं आयुष्य त्याच्या वजनावरून आधीच सांगता येतं, पण जोडीत राहणाऱ्याचं तसं नाही, ही समज आली ती या पेचातून.

तुम्ही दोनच तारे म्हणालात, पण अल्गॉलपाशी तिसराही आहे. सूर्याच्या पावणेदोन पट वजनाचा हा तारा आतल्या जोडीभोवती सुमारे 680 दिवसांत फेरी मारतो. त्याची कक्षा आतल्या जोडीच्या कक्षेला जवळजवळ काटकोनात आहे आणि ग्रहणात त्याचा काही वाटा नाही. अशा घरांची रचना बहुतेक अशीच असते: आत घट्ट जोडी, बाहेर लांबवर आणखी कोणी. पुनर्वसूतला कॅस्टर घ्या. तिथे तीन जोड्या मिळून सहा तारे आहेत. त्यांतली सर्वांत मंद जोडी म्हणजे जवळपास सारखे दोन तांबडे बुटके तारे. ते साडेएकोणीस तासांत एकमेकांभोवती फिरतात आणि ग्रहणं लावतात. दोघं सारखे असल्यामुळे तिथले दोन्ही उतारही सारखेच. 2021 मध्ये तर टेस या अवकाश दुर्बिणीच्या नोंदींतून असं सहा ताऱ्यांचं घर सापडलं की त्यातल्या तिन्ही जोड्या आपल्याला ग्रहणं दाखवतात. कक्षेची कड आपल्याकडे असेल तरच ग्रहण दिसतं, त्यामुळे तिन्हींचं जुळणं हा फार दुर्मीळ योग आहे. दुसऱ्या एखाद्या दिशेच्या ताऱ्याजवळून पाहिलं तर आपला अल्गॉलसुद्धा कधीच न मंदावणारा, साधा तारा वाटेल.

आता गच्चीवरचं. महाराष्ट्रातून डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळनंतर अल्गॉल उत्तरेला चांगला उंच असतो. त्याच्या किमान तेजाच्या वेळांचे तक्ते इंटरनेटवर सहज मिळतात. वेळ जागतिक (UT) असेल तर भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. एक वेळ हाती आली की पुढची दर वेळी तीन दिवसांनी, पण 3 तास 11 मिनिटं आधी येते. समजा सोमवारी पहाटे 1 वाजता तळ असेल, तर पुढचा बुधवारी रात्री 9:49 ला आणि त्यानंतरचा शनिवारी संध्याकाळी 6:38 ला. यातला बुधवारचा पकडा. हुकला तर साधारण तीन आठवड्यांत पुन्हा सोयीच्या वेळा येतात.

तुलनेसाठी तीन तारे पाठ करून ठेवा: देवयानीतला अलमाक 2.1 प्रतीचा, त्रिकोण तारकासमूहातला बीटा 3.0 चा आणि अल्फा 3.4 चा. अल्गॉलला अगदी खेटून रो पर्सेई नावाचा तांबूस तारा आहे, तो वापरू नका. त्याचं स्वतःचं तेज बदलतं. शहरात 3.4 प्रत डोळ्यांना जड जाते, तिथे साधी द्विनेत्री घ्या. त्या बुधवारी संध्याकाळी साडेसातला बसा आणि दर वीस मिनिटांनी वेळ लिहून अल्गॉल कोणत्या दोन ताऱ्यांच्या मध्ये बसतो ते टिपा. लागोपाठच्या दोन नोंदींत फरक जाणवणार नाही, पण नऊच्या सुमारास मागची पानं बघाल तेव्हा तो अलमाकला सोडून खाली आलेला असेल. रात्री साडेबारापर्यंत नोंदी घेतल्यात आणि आलेख काढलात तर त्याचा तळ सपाट नसून निमुळता आलेला दिसेल. मागचा तारा पूर्ण झाकला गेला असता तर तळ काही वेळ सपाट राहिला असता. अल्गॉलचं ग्रहण खंडग्रास आहे हे तो निमुळता तळच सांगतो.