ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, मग काही दिवस ब्रश बंद ठेवावा का? आणि जंतूंमुळे हिरड्या सुजतात तरी कशा?

अजिबात बंद ठेवू नका. हिरडी आधीच सुजलेली असते म्हणून रक्त येतं, ब्रशचा त्यात दोष नाही. 1965 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणं थांबवायला लावलं, तर दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर बऱ्याही झाल्या.

ठासून सांगतेय, कारण यावरून आमच्या घरात भांडण झालंय. आमचे आप्पा परळला चाळीत राहतात, त्यांना मधुमेह आहे. चूळ भरली की बेसिनमध्ये रोज लाल. दात साफ करून घ्यायचं ठरलं, तर थोरल्या काकांनी आडकाठी घातली, "मशीन लावलं की दात हलायला लागतात, माझे तसेच गेले." मी तरीही आप्पांना घेऊन गेले. डॉक्टरबाई खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालून आकडे बोलत होत्या, शेजारची मुलगी ते लिहून घेत होती. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं. खालच्या दाढांपाशी सहा, सात यायला लागले. एक्स-रेमध्ये तिथलं हाड खाली गेलेलं स्पष्ट दिसलं, आणि तोवर मशीन दाताला लागलंही नव्हतं! मोडकळीला आलेल्या चाळीचे टेकू काढल्यावर भिंत हलली, तर ती टेकू काढणाऱ्याने खिळखिळी केली असं म्हणणार का? कीटण, म्हणजे दातावर कडक झालेला थर, निघाल्यावर दात हलतो तो असा.

हाड जातं कसं? जंतू करतात त्याहून जास्त नासधूस आपलंच शरीर करतं. दातावर साचलेल्या थरातल्या जंतूंच्या आवरणाचे तुकडे हिरडीच्या पेशींवरची टोल-लाइक रिसेप्टर नावाची पहारेकरी प्रथिनं ओळखतात. पेशी सायटोकाइन हे धोक्याचे रासायनिक निरोप सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फटीत उतरतात. इथवर सगळं आपल्या भल्याचंच. पण थर हललाच नाही तर ही लढाई संपत नाही. पांढऱ्या पेशींची विकरं (एन्झाइम) हिरडीला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन हे प्रथिनही विरघळवतात, पुढे रँकल हे प्रथिन वाढतं आणि हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कामाला लागतात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जंतू तर महाबिलंदर. त्याची जिंजिपेन विकरं आपल्या संरक्षक प्रथिनांचेच तुकडे पाडतात, त्यामुळे तो वाचतो, सूज चालू राहते आणि सुजेतून जे पाझरतं त्यावर तो पोसला जातो. मधुमेहात हे सगळं जास्त भडकतं, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखरही लवकर आटोक्यात येत नाही.

म्हणून मिठाच्या गुळण्या, लवंगेचं तेल, दुकानातून आणलेल्या गोळ्या यांवर वेळ घालवू नका. थर खरवडूनच काढावा लागतो. घरातलं कुणी वडीलधारं "दात हलतील" म्हणून अडवत असेल, तर साफ करण्याआधीचा एक्स-रे मागून घ्या आणि त्यांच्यासमोर धरा. आमच्या काकांना मी तो तारखेसकट दाखवला. वाद घालायचं त्यांनी सोडलं नाही, पण आप्पा आता त्यांचं ऐकत नाहीत.

सिगारेट ओढणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, त्यांच्यात आजार असूनही रक्त कमी दिसतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल किंवा अंगावर विनाकारण निळे डाग उठत असतील तर दातांच्या डॉक्टरांना ते आधी सांगा, आणि नेहमीच्या डॉक्टरांनाही भेटा.