२१४७४८३६४७ च्या मागे लागलेली मुलगी

सप्रेम नमस्कार.

आपली सोळा वर्षांची मुलगी दोन महिने २१४७४८३६४७ या एकाच संख्येच्या मागे लागली आहे, वह्याच्या वह्या भागाकारांनी भरल्या आहेत आणि यातून पुढे पोटापाण्याचे काही निघेल की तिला आताच आवरावे, असे आपण विचारले आहे. पत्रासोबत तिच्या वहीची दोन पाने पाठवलीत हे फार बरे केलेत. माझे उत्तर गुणपत्रिकेपेक्षा त्या पानांवरच अधिक अवलंबून आहे.

ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. संगणकात ३२ बिटांत (म्हणजे ० किंवा १ च्या ३२ घरांत) साठवलेल्या चिन्हांकित, म्हणजे धन किंवा ऋण, पूर्णांकाची ती कमाल मर्यादा असल्यामुळे प्रोग्रामिंग शिकणाऱ्या बहुतेकांना ती भेटते, पण तिच्यापाशी फारसे कोणी थांबत नाही. ती मूळ संख्या आहे हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये दाखवले. तिचे वर्गमूळ ४६३४० च्या जरासे पुढे असल्याने तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचे, तर पावणेपाच हजारांहून अधिक भागाकार करावे लागतात. तिला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे ध्यानात घेतले की तपासण्याजोगे उमेदवार पावणेचारशेच्याही आत येतात.

आपल्या मुलीचे पहिले पान निव्वळ चिकाटीचे आहे: ३, ७, ११, १३ असे ओळीने भागाकार. दुसऱ्या पानावर मात्र तिने २०४७, म्हणजे २ चा ११ वा घात वजा १, ही संख्या २३ गुणिले ८९ अशी फोडली आहे, दोन्ही अवयवांना २२ ने भागल्यावर १ च उरतो असे समासात टिपले आहे आणि त्यापुढे 'असे का?' असे लिहिले आहे. माझ्या मते हे दोन शब्द त्या साऱ्या भागाकारांहून मोलाचे आहेत. आकडे जमवण्याची हौस पुष्कळांना असते, कारण विचारण्याची खोड थोड्यांना. तिला उत्तर सांगू नये. बाकींचे अंकगणित आणि फर्माचा छोटा सिद्धान्त (मूळ संख्येने भागल्यावर घातांची बाकी काय उरते ते सांगणारा) तिच्या हाती द्यावा.

व्यवसायाविषयी स्पष्टच लिहितो. शुद्ध गणितातील संशोधनाची वाट पीएच.डी.तून जाते, ती लांब आहे आणि तिथे जागा मोजक्या आहेत. संकेतशास्त्राला, म्हणजे संदेश गुप्त ठेवण्याच्या शास्त्राला, मागणी आहे. त्यातली १९७७ ची आरएसए ही पद्धत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार फोडणे अवघड असते यावरच उभी आहे. मात्र तिथे गणिताइतकाच संगणकाचाही कस लागतो. म्हणून पदवीला गणित आणि संगणकशास्त्र दोन्ही राहतील असे पाहावे.

तूर्त तिला एक काम द्यावे. आधी ३१, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १, ही लहान संख्या घ्यावी. ४ पासून सुरुवात करून प्रत्येक वेळी वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि ३१ ने भागून बाकी तेवढी ठेवायची: ४, १४, ८, ०. तिसऱ्या पायरीला शून्य आले, म्हणून ३१ मूळ. हीच रीत २१४७४८३६४७ ला लावली तर २९ पायऱ्या होतात. प्रोग्राम तिने स्वतः लिहावा (वर्ग करताना ३२ बिट पुरणार नाहीत, ते तिचे तिलाच कळू द्यावे). शून्य आल्यावर ती तिथेच थांबते की ते का आले हे विचारते, एवढे मला पुढच्या पत्रात कळवावे.