काकांची वंशावळ आणि तुझे दोन प्रश्न

प्रिय मनू,

काकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या वंशावळीचा फोटो तू मोठा करकरून पाहिलास आणि विचारलंस, "आई, यात मी कुठंय?" आणि थोड्या वेळानं, "तू तरी आहेस का?" एकाखाली एक नऊ पिढ्या आहेत त्यात, थेट तुझ्या चुलतभावापर्यंत. तो चार वर्षांचा, तरी त्याचं नाव आहे. तुझ्या पहिल्या प्रश्नाला मी हसले होते, दुसरा मात्र डोक्यातून जाईना. भांडी घासता घासता सांगून संपणारं हे नाही, म्हणून लिहितेय. कुठं अडलंस तर बाबांकडून वाचून घे.

आधी काकांची बाजू. त्यांनी ती काही हौसेनं काढलेली नाही. २०२३ साली गावोगाव कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली होती आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला होता. काका महिनाभर साताऱ्याला खेपा घालत होते, तेव्हा कुठं ती एवढी लांबली. कुणबी जातीच्या दाखल्यासाठी बापाकडून वर जावं लागतं, म्हणून ते बापाकडूनच वर गेले. बायकांची नावं त्यांनी गाळली असं नाही, ती कुणी मागितलीच नव्हती.

तुझ्या डोक्यात हे शिरलं ते तुझ्या मॉरिशसच्या मैत्रिणीमुळं, हे मला कळतं. तिकडं मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये करारावर नेलेल्या मजुरांची जुनी रजिस्टरं आहेत. १८३४ पासून पुढच्या ऐंशीएक वर्षांत साडेचार लाखांवर माणसं तिथं उतरली. प्रत्येकाला नंबर, आणि पुढं नाव, बापाचं नाव, गाव, उंची, जहाज. बाईला तिचा स्वतःचा नंबर. तुझ्या मैत्रिणीच्या आईनं उतारा काढून आणला तर कुणा पूर्वज बाईच्या नावापुढं सातारा जिल्हा निघाला! सातारा सोडून गेलेल्या बाईची ओळ सापडते आणि जन्मभर साताऱ्यात राहिलेल्यांची सापडत नाही, हे तुला विचित्र वाटलं. मलाही वाटलं.

पण ती रजिस्टरं काही मायेनं लिहिलेली नव्हती गं. उसाच्या मळ्यावरून माणूस पळाला तर ओळखता यावा, म्हणून सगळी टिपणं. पुढं १८६० नंतर फोटो काढायला लागले तेही त्याचसाठी. आमच्याकडंही नोंदी झाल्या त्या सारा वसूल करायला. ज्याला माणसाकडून काही घ्यायचं असतं तो त्याचं नाव आठवणीनं लिहून ठेवतो.

या हिशेबानं माझं नाव कुठं आहे सांगू? हक्कसोडपत्रावर. आप्पा गेल्यावर वारस नोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर मामाबरोबर माझं आणि मावशीचंही नाव लागलं होतं. पुढच्याच उन्हाळ्यात आम्ही दोघींनी निबंधकाच्या कचेरीत जाऊन सह्या केल्या. १९९४ साली महाराष्ट्रात आणि २००५ साली देशभर कायदा बदलला, वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हिस्सा आला, हे मला चांगलं ठाऊक होतं. कुणी जोर केला नाही. मामा तर म्हणाला, "ताई, मनात नसेल तर राहू दे." पण जमीन तोच कसतो, आजीचं औषधपाणी तोच बघतो. घेवडा काढायला मी इथून, लंडनच्या क्रॉयडनहून थोडीच जाणार होते? शिवाय माहेर जोडलेलं राहावं असं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नसतं. सह्या झाल्यावर मामानं कंदी पेढे आणले, साड्या घेतल्या. एसटीत मावशी म्हणाली, "आपलं नाव लागलं कधी आणि निघालं कधी, कळलंच नाही बघ." आम्ही दोघी खूप हसलो. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आता तुला एक वेगळी गोष्ट सांगते. मी तुझ्यापेक्षा लहान होते तेव्हा दिवाळीच्या आधी माळ्यावरची पितळी भांडी खाली निघायची आणि चिंच लावून घासायचं काम माझ्याकडं असायचं. बोटं पांढरी पडायची, नखांत चिंचेचा चोथा अडकायचा. त्यात एक मोठं घंगाळ होतं. त्याच्या काठाखाली, घासल्यावरच दिसतील अशी, छिन्नीनं ठिपके ठोकून काढलेली अक्षरं होती: 'चि. ठकू हिस मामाकडून'. 'मा'चा काना दोनदा ठोकलेला, पहिला वाकडा गेला असावा. आमच्या घरात ठकू कुणीच नव्हतं. मी माईला विचारलं. माई म्हणजे आप्पांची आई, तू फोटोत पाहिलीयेस ती, नऊवारीतली. ती म्हणाली, "ह्या माझ्या सासूबाई. लग्नात त्यांचं नाव लक्ष्मी ठेवलं."

म्हणजे गावानं, तलाठ्यानं, पोटच्या पोरांनीसुद्धा जिला लक्ष्मी म्हणून ओळखलं, तिचं आईबापानं ठेवलेलं नाव त्या घंगाळावर होतं. माई मग बोलत सुटली. सासूबाईंचं माहेर म्हसवडच्या बाजूचं, पाऊस कधी पडला तर पडला. त्यांचा मामा मुंबईला गिरणीत लागला होता. भाचीच्या लग्नाला येताना ते घंगाळ त्यानं डोक्यावरून आणलं, स्टेशनपासून चालत. परदेशी गेलेला आपल्या घरातला पहिला माणूस मी त्यालाच धरते. तेव्हाचं परळ म्हसवडला क्रॉयडनपेक्षा जवळ होतं असं मला वाटत नाही.

तर मी तुला सांगू शकते की बायकांची नावं ठेवायची आपली रीतच निराळी होती. भांड्यांवर, जात्यावरच्या ओव्यांत. हे सगळं खरं आहे. पण सातबारा कचेरीत राहतो आणि घंगाळ मोडीत जातं. आमचंही गेलं. त्याच्या बदल्यात स्टीलचे डबे आले, आणि त्यांचं मला तेव्हा फार कौतुक होतं.

नाशिकला तीर्थोपाध्यांकडं चोपडे असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते त्या घराण्याचं पान काढून देतात, पूर्वी येऊन गेलेल्यांनी लिहून ठेवलेलं. आप्पांच्या अस्थी घेऊन मामा गेला तेव्हा त्यानं मुद्दाम पाहिलं. तिथं बायका आहेत, घरात आलेल्या. आप्पांची आजी आहे, लक्ष्मी म्हणून. ठकू नाही. लग्न होऊन बाहेर गेलेल्या लेकी तर मुळीच नाहीत.

तारखांच्या मागं लागू नकोस हेही सांगून ठेवते. तुझ्या वर्गातल्या मुलींना १९२१ च्या जनगणनेत पणजोबांचं घर सापडतं, आपल्याकडं आजीचा वाढदिवस १ जून आणि आप्पांचाही १ जून. दोघांनाही शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख ठोकली. अर्ध्या कोरेगाव तालुक्याचा वाढदिवस त्या दिवशी असतो.

हे सगळं तू करच असं माझं म्हणणं नाही. तुझी परीक्षा आहे, आणि आईनं गळ्यात मारलेलं काम कुणालाच आवडत नाही, मलाही आवडायचं नाही. पण करावंसं वाटलंच तर काकांच्या कागदाला नावं जोडत बसू नकोस, वेगळं पान घे. सगळ्यात खाली तू, वर मी, वर आजी, तिच्यावर तिची आई. त्यापुढं मला येत नाही. आजीला येतं. दोन्ही नावं विचार, माहेरचं आणि सासरचं, आणि गाव विचार.

फोन आपल्या दुपारी एकच्या आत कर, नंतर तिच्या मालिका सुरू होतात आणि ती नुसतं हं हं करते. मामा घरात नसताना केलास तर बरं, तो मधेच सगळी उत्तरं देतो. आणि 'वंशावळ' म्हणू नकोस. ती आधी विचारेल, जमिनीचं काय निघालं?

तुझी,
आई