डिव्हाइस क्लिनिकमधील परिचारिकेचे वेतन आणि मनुष्यबळ : एका आईच्या पत्रास उत्तर

सप्रेम नमस्कार.

नाशिकरोडहून आलेले आपले पत्र मिळाले. आपली कन्या बी.एस्सी. नर्सिंग करून दोन वर्षे एका १२० खाटांच्या खासगी रुग्णालयाच्या सीसीयूमध्ये (हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात) काम करते आणि तिला दरमहा १९ हजार रुपये मिळतात. आता तेथे सुरू होणाऱ्या पेसमेकर-डिव्हाइस क्लिनिकची, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारी यंत्रे शरीरात बसवलेल्या रुग्णांची नियमित तपासणी करणाऱ्या विभागाची, जबाबदारी तिने एकटीने घ्यावी, वेतन मात्र तेच राहील, कारण हे 'रात्रपाळी नसलेले, बसून करायचे काम' आहे, असे व्यवस्थापनाने सांगितले आहे. तिने हे स्वीकारावे की सरकारी भरतीची तयारी करावी, असे आपण विचारले आहे. काम जरूर स्वीकारण्याजोगे आहे. ज्या अटींवर ते देऊ केले आहे, त्या अटी मात्र स्वीकारण्याजोग्या नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे काम बसून होत असले तरी हलके नाही. रुग्णाच्या छातीवर प्रोग्रामरचा (यंत्र बाहेरून तपासणाऱ्या संगणकाचा) वँड ठेवून बॅटरीची स्थिती, लीडचा (यंत्रापासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेचा) विद्युतरोध, हृदयाचे ठोके यंत्राला नीट ओळखू येतात की नाही आणि किती ऊर्जेला हृदय प्रतिसाद देते, हे सर्व तपासावे लागते, आणि त्या आकड्यांपैकी कोणता आकडा डॉक्टरांना आजच कळवायचा व कोणता पुढच्या भेटीपर्यंत थांबू शकतो, हेही ठरवावे लागते. आयसीडी, म्हणजे ठोके धोकादायकरीत्या बिघडल्यास आतूनच विजेचा झटका देणारे यंत्र, बसवलेल्या रुग्णाला असा शॉक बसला, तर तो योग्य कारणासाठी बसला की तुटलेल्या लीडमुळे, हे यंत्रातील नोंदी वाचूनच समजते. एमआरआयपूर्वी यंत्र वेगळ्या मोडवर ठेवणे आणि नंतर आठवणीने पूर्ववत करणे, शस्त्रक्रियेत कॉटरी (विजेने ऊती कापण्याचे व रक्तस्राव थांबवण्याचे उपकरण) वापरायची असल्यास आधी व्यवस्था करणे, हेही याच टेबलावर येते. त्यात दूरस्थ देखरेखीची भर पडते. सुरगाणा किंवा पेठहून दर वेळी नाशिकला येणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी घरातूनच यंत्राची माहिती पाठवणारी ही सोय फार मोलाची आहे. पण असे आलेले प्रत्येक ट्रान्समिशन (यंत्राने पाठवलेली माहिती) कोणीतरी उघडून वाचावे लागते, आणि लूप रेकॉर्डरच्या (ठोक्यांची सतत नोंद ठेवणाऱ्या, त्वचेखाली बसवलेल्या छोट्या यंत्राच्या) सूचनांत खोट्या सूचनाही पुष्कळ असतात.

अडचण अशी आहे की आपल्याकडे परिचारिकांची गरज खाटांवरून मोजण्याची सवय आहे. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाणही, अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात रुग्णामागे एक, असे दाखल रुग्णांवर बेतलेले आहे. डिव्हाइस क्लिनिकला खाटच नसते, म्हणून व्यवस्थापनाच्या कागदावर तेथे काम जवळजवळ शून्य दिसते. प्रत्यक्षात एकदा यंत्र बसवलेला रुग्ण वर्षानुवर्षे देखरेखीखाली राहतो, त्यामुळे यादी दर महिन्याला वाढते आणि क्वचितच घटते. हृदयतालाच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२३ मध्ये एकत्रितपणे दिलेल्या मार्गदर्शनानुसार दूरस्थ देखरेखीखालील दर १,००० रुग्णांमागे किमान ३ पूर्णवेळ माणसे हवीत, त्यांत कार्यालयीन कर्मचारीही धरलेले आहेत. म्हणजे साधारण ३०० ते ३५० रुग्णांमागे एक पूर्णवेळ व्यक्ती. आपल्या कन्येने पहिला प्रश्न हाच विचारावा की आज यादीत किती रुग्ण आहेत, आणि ती किती झाल्यावर दुसरी परिचारिका नेमली जाईल. उत्तर लेखी मागावे.

वेतनाबाबतही तिच्या हाती आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने शिफारस केली की १०० ते २०० खाटांच्या खासगी रुग्णालयांत परिचारिकांचे वेतन राज्य सरकारच्या समकक्ष परिचारिकेपेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे. अगदी ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते किमान २० हजार असावे. महाराष्ट्रात सरकारी अधिपरिचारिकेचे (स्टाफ नर्सचे) मूळ वेतनच ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. त्या हिशेबाने १२० खाटांच्या रुग्णालयातील १९ हजार हे सर्वांत लहान रुग्णालयासाठी सुचवलेल्या रकमेपेक्षाही कमी आहेत, आणि ही गोष्ट मला फार खटकली. ही शिफारस आहे, तिच्यावरून उद्या वसुली होणार नाही. तरीही बोलणी करताना ती शांतपणे समोर ठेवण्यात संकोच बाळगू नये. रात्रपाळीचा भत्ता जाणार असेल तर हातात येणारी रक्कम आणखी घटेल, तेही आताच विचारून घ्यावे.

'तपासणी तर कंपनीचा माणूस येऊन करतो' असे तिला ऐकवले जाईल. अनेक ठिकाणी तसे होतेही. परंतु यंत्र विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी एकाच कंपनीची यंत्रे पाहतो आणि त्याच्या वेळेनुसार येतो; सर्व कंपन्यांची यंत्रे जाणणारी, रुग्णाचा पूर्वेतिहास ठाऊक असलेली आणि रुग्णालयालाच जबाबदार असलेली व्यक्ती परिचारिकाच असते. म्हणून प्रशिक्षणाच्या काळात तिने प्रतिनिधीशेजारी नुसते उभे न राहता तपासणी स्वतः करून अहवाल स्वतः लिहावा. प्रशिक्षणाच्या बदल्यात बंधपत्र (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) मागितले, तर मुदत आणि रक्कम वाचल्याशिवाय सही करू नये. मूळ प्रमाणपत्रे तर कोणाकडेही ठेवू नयेत.

सरकारी भरतीची तयारी सोबत चालू ठेवावी. मात्र तेथे नेमणूक कोणत्या विभागात होईल हे आपल्या हाती नसते, त्यामुळे मिळवलेले कौशल्य बाजूला पडण्याची शक्यता राहते. पुरेसा अनुभव जमल्यावर आयबीएचआरई या आंतरराष्ट्रीय मंडळाची कार्डियाक डिव्हाइस स्पेशालिस्टची परीक्षा तिला देता येईल. परीक्षेच्या शुल्काचा वाटा रुग्णालयाने उचलावा, असे नियुक्तिपत्रातच लिहून घ्यावे. पदनामही 'को-ऑर्डिनेटर' असे मोघम नसावे, 'डिव्हाइस क्लिनिक परिचारिका' असे असावे, कारण पुढील नोकरीत अनुभव त्याच शब्दांवर मोजला जाईल.

तिला होकार-नकार कळवण्यास महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, असे आपण लिहिले आहे. त्याआधी मेट्रन (परिचारिकांच्या प्रमुख) आणि हृदयरोगतज्ज्ञ या दोघांसमोर तिने एवढे विचारावे की रविवारी आणि ती रजेवर असताना आलेले ट्रान्समिशन कोण पाहणार, आणि न पाहिलेल्या सूचनेमुळे रुग्णाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची. यावर 'तीच घरून मोबाइलवर पाहील' असे उत्तर मिळाले, तर ऑन-कॉल भत्ता आणि बदली परिचारिकेचे नाव कागदावर येईपर्यंत तिने सीसीयूतील जागा सोडू नये.