आदेशावर नाव राज्यपालांचं, मग पत्र कोणाला लिहायचं?

प्रश्न : मी रिटायर्ड मास्तर, लोकमान्य नगरात राहतो. महागाई राहतचा (म्हणजे पेन्शनवर मिळणाऱ्या महागाई भत्त्याचा) आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आला, त्यात खाली ‘मध्यप्रदेश के राज्यपाल के नाम से तथा आदेशानुसार’ असं लिहिलंय आणि सही मात्र उपसचिवांची. आमच्या पेन्शनर मंडळीत वाद सुरू आहे, काही म्हणतात थेट राज्यपालांनाच लिहा. खरा अधिकार कोणाचा?
– एक पेन्शनर, इंदूर

उत्तर : काका, राज्यपालांना लिहून हे काम होणार नाही. ती ओळ घटनेच्या कलम 166 मुळे येते, राज्य सरकारचा सगळा कारभार राज्यपालांच्या नावानं चालतो म्हणून. तुमच्या वडिलांच्या वेळी, म्हणजे 1948 ते 1956 इथे मध्यभारत हे राज्य होतं तेव्हा, राज्यपालांच्या जागी राजप्रमुख होते, ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे, आणि आपले यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. पण राज्यपाल वागतात ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं (कलम 163), आणि 1974 मध्ये समशेर सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच स्पष्ट केलं. स्वतःच्या विवेकानं ठरवायच्या गोष्टी अगदी थोड्या, जसं कोणालाच बहुमत नसेल तर सरकार बनवायला आधी कोणाला बोलवायचं.

आता तुमची फाइल. ती भोपाळला वल्लभ भवनात, म्हणजे मंत्रालयात, वित्त विभागात तयार होते, खालून वर सचिवांकडे जाते, मग मंत्री, आणि मोठ्या खर्चाची बाब असली की कॅबिनेट. उपसचिव फक्त झालेल्या निर्णयावर सही करतात हो, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच पेन्शनरांना माहीतच नसते, 2000 मध्ये राज्याची वाटणी होऊन छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा पुनर्गठन कायद्याच्या कलम 49 नं पेन्शनचा बोजा दोन्ही राज्यांत वाटला गेला, त्यामुळे महागाई राहत वाढवताना छत्तीसगडची सहमती मागितली जाते, आणि नोकरीत असलेल्यांना वाढ आधी मिळून तुम्ही मागे राहता ते बरेचदा यामुळे. मला हे फार अन्यायाचं वाटतं, म्हातारपणी औषधाचे पैसे दोन राजधान्यांच्या पत्रव्यवहारात का अडकावेत?

म्हणून पत्र वित्त विभागाला लिहा, मुख्यमंत्र्यांना प्रत पाठवा, आणि आपल्या आमदाराला नक्की भेटा, कारण मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार आहे (कलम 164), आमदारानं सभागृहात प्रश्न विचारला की मंत्र्यांना उत्तर द्यावंच लागतं, राज्यपालांना असा प्रश्न विचारता येत नाही. तुमच्या एकट्याच्याच पेन्शनचा हिशोब चुकला असेल तर मात्र भोपाळपर्यंत जाऊ नका, पेन्शन ऑफिसात अर्ज द्या, पावती घ्या, आणि तिथे दाद लागली नाही तर ती पावती घेऊन मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, जा.

प्रश्न : उपमुख्यमंत्री म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या खालोखाल अधिकार का? आणि मंत्री किती करता येतात?
– एक वाचक, सुदामा नगर

उत्तर : नाही ताई, घटनेत उपमुख्यमंत्री हे पदच नाही, त्यांना अधिकार मिळतात ते त्यांच्या खात्यांचे. मंत्र्यांची संख्या 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीनं बांधली, विधानसभेच्या 15 टक्के. आपल्याकडे 230 जागा, म्हणजे मुख्यमंत्री धरून 34. शिवाय आमदार नसलेल्यालाही मंत्री करता येतं, पण 6 महिन्यांत निवडून आला नाही तर पद जातं.