अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रतळात 14 हजार वर्षांपूर्वीचं शेवाळ सापडलं म्हणतात. इतकी वर्षं ते कुजलं कसं नाही? पुन्हा जिवंत करता येईल का?

कुजलं की. हिरवं, बुळबुळीत शेवाळ तिथे कोणाच्याही हाती लागलेलं नाही. मिळाले ते त्याच्या डीएनएचे बारीक तुकडे. पण या बातमीने माझी एक जुनी जखम उघडी पडली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही म्हणता तो अभ्यास जर्मनीतल्या आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूटचा, 2025 सालचा. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ ब्रॅन्सफील्ड सामुद्रधुनी आहे, तिथे सुमारे दोन हजार मीटर पाण्याखालून काढलेल्या गाळाच्या कोअरवर, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या लांब दंडगोलावर, तो झाला. हिमयुग ओसरत असताना दक्षिणेकडे मध्येच पुन्हा थंडी पडली होती आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची वाढ बराच काळ थबकली होती. नेमक्या त्या काळच्या थरांत फिओसिस्टिस नावाच्या शैवालाचा डीएनए भरपूर निघाला. या शैवालाच्या मोठमोठ्या बहरांनी कार्बन समुद्रात ओढून नेला, असं त्यांचं म्हणणं.

आता हे फिओसिस्टिस कसं असतं? काही मायक्रोमीटरची पेशी, चिकट गोळे करून राहणारी. डायटम या सूक्ष्म शैवालाला असतं तसं काचेचं कवच हिला नाही. मेली की डोळ्यांना दिसेल असं मागे काही उरत नाही. म्हणजे मायक्रोस्कोपखाली आयुष्य काढलं तरी चौदा हजार वर्षांपूर्वीचं फिओसिस्टिस कुणाला दिसणार नाही.

माझी पीएचडी दक्षिण महासागराच्या गाळातल्या डायटमवर झाली. तीन वर्षं मी रोज कवचं मोजली. चिमूटभर गाळ बीकरमध्ये घ्यायचा, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं. फसफसून फेस वर येतो, करडा-हिरवट गाळ पांढुरका होत जातो. मग आम्ल, मग डिस्टिल्ड पाण्याने पाच-सहा धुण्या, मग स्लाइड. हजारपट मोठं करून तीनशे कवचं मोजायची की एक नमुना संपला. फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्गेलेन्सिस नावाचं डायटम तर मी झोपेतही ओळखेन: जाड फासळ्यांची छोटी होडी.

माझ्या कोअरच्या एका पट्ट्यात आकडा भरेचना. अख्खी स्लाइड पालथी घातली तरी चाळीस-पन्नास कवचं, तीही बहुतेक जाड सालीची. शेजारच्या थरांत एका तासात तीनशे होत होती. मी अकरा नमुने पुन्हा नव्याने धुतले. तेच. प्रबंधात मी लिहिलं, ‘या काळात कवच नसलेली शैवालं जास्त असण्याची शक्यता तपासायला हवी.’ गाईड सरांनी त्या वाक्यावर लाल रेघ मारली. म्हणाले, “मॅडम, जे दिसलं तेच लिहा. दिसलं नाही म्हणजे नव्हतं. इथे उत्पादकता कमी, विषय संपला.”

मी म्हटलं, “सर, पेरॉक्साइड टाकून जे मऊ आहे ते सगळं आपणच जाळतो. मग आपणच नव्हतं कसं म्हणायचं?” यावर ते काही बोलले नाहीत. पण वाक्य गेलं ते गेलंच. प्रबंधात ‘उत्पादकता कमी’, म्हणजे तेव्हा समुद्रात शैवालच कमी वाढत होतं, असंच छापलं आहे, आणि त्याखाली नाव माझं आहे.

याहून वाईट पुढे झालं. त्या पट्ट्याचा न धुतलेला गाळ मी दोन लहान बाटल्यांत फ्रीझरमध्ये ठेवला होता, चिकटपट्टीवर तारीख आणि खोली घालून. मी लग्नासाठी गावी गेले असताना फ्रीझर साफ करायला काढला आणि त्या बाटल्या टाकून दिल्या. मला कुणी विचारलं नाही.

सरांचं म्हणणं तेव्हासुद्धा कच्चंच होतं, हे मी आज ठामपणे म्हणते. समुद्राच्या वरच्या पाण्यात तयार होणाऱ्या डायटमच्या सिलिकापैकी, म्हणजे कवचांच्या काचेपैकी, जेमतेम तीन टक्के भाग तळाच्या गाळात कायमचा पुरला जातो, बाकीचा वाटेत विरघळतो. जाड सालीचे टिकतात, पातळ सालीचे जातात. आर्क्टिकमध्ये तर 2007 सालीच दाखवलं होतं की बर्फाखाली वाढणाऱ्या काही डायटमचा पंचवीस कार्बनचा एक रेणू गाळात टिकून राहतो, त्यांची नाजूक कवचं दिसोत न दिसोत. आयपी 25 म्हणतात त्याला. आमच्या विभागात तो पेपर मीच छापून सगळ्यांना वाटला होता.

तुमच्या ‘टिकलं कसं’चं उत्तर: खोल समुद्राचं पाणी शून्य अंशाच्या आसपास, उजेड नाही, गाळात ऑक्सिजन जवळपास नाही, आणि डीएनएचे तुकडे चिकणमातीच्या कणांना धरून राहतात. तेवढ्यावर निभावतं. अंटार्क्टिकाजवळच्याच स्कोशिया समुद्रातल्या गाळातून तर सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीचा डीएनए वाचला गेला आहे.

जिवंत करण्याचं म्हणाल तर अशा तुकड्यांपासून पेशी उभी राहत नाही. त्यासाठी सुप्तावस्थेतली अख्खी पेशी मिळावी लागते. ध्रुवावरचं नाही, पण बाल्टिक समुद्राच्या तळातून जवळपास सात हजार वर्षं निजलेलं स्केलेटोनेमा नावाचं डायटम जर्मन प्रयोगशाळेत पुन्हा वाढवलं आहे. ते आजच्या भाऊबंदांसारखंच विभागत होतं आणि प्रकाशसंश्लेषण करत होतं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. माझा कोअर हिंदी महासागराच्या बाजूचा, त्यांचा द्वीपकल्पाजवळचा. त्यामुळे माझ्या पट्ट्यात फिओसिस्टिसच होतं, असं यावरून सिद्ध होत नाही. सरांची ‘उत्पादकता कमी’ खरीही असू शकते. शिवाय डीएनए जास्त निघाला म्हणजे पेशी तेवढ्याच पटीत जास्त होत्या, असा सरळ हिशेबही मांडता येत नाही. माझा वाद इतकाच होता की ते तपासायचं होतं, आणि तपासायला गाळच ठेवला नाही.

तुम्ही या विषयात शिकत असाल तर कोअर उघडला त्याच दिवशी प्रत्येक थराचा निम्मा वाटा न धुता, स्वच्छ हातमोजे घालून फ्रीझरमध्ये टाका. बाटलीवर स्वतःचा फोन नंबर लिहा. गाईडने कारण विचारलं तर हे उत्तर दाखवा.