कुंपणावर आपोआप उगवलेली वेल गुळवेलच आहे का, आणि सत्त्व घरी काढता येतं का?

पानावरून ओळखायला जाऊ नका. बदामाच्या आकाराची पानं कितीतरी वेलींना असतात. खोड बघा. गुळवेलीची करडी साल कागदासारखी सुटते, खाली हिरवं लागतं आणि आडवं कापलं की चाकाच्या आऱ्या दिसतात. बुंध्यात तोडली तरी वरची वेल दोऱ्यासारखी मुळं खाली सोडते आणि ती जमिनीला टेकली की पुन्हा जगते.

सत्त्व घरी निघतं. माझी आई दरवर्षी काढायची. वेल कडुलिंबावर चढलेलीच हवी, खोड अंगठ्याएवढं जाड आणि तेही पाऊस लागायच्या आधीचं. साल खरवडून तुकडे ठेचायचे, रात्रभर पाण्यात ठेवायचे. सकाळी ती कुस्करायला बसली की पातेल्यात फेस यायचा आणि पडवीभर कडवट वास. चोथा पिळून पाणी पंचातून गाळलं की मग पातेल्याला कुणी धक्कासुद्धा लावायचा नाही. दुपारी वरचं पाणी अलगद ओतून दिलं की तळाशी मळकट साका. पुन्हा नवं पाणी, पुन्हा निवळणं, पांढरं होईपर्यंत. टोपलीभर खोडाचं वाळल्यावर मूठभरही भरायचं नाही. अंगात मुरलेल्या तापावर ती त्यातलं चिमूटभर खडीसाखरेबरोबर द्यायची.

आमचे मोठे दीर म्हणायचे, "एवढा व्याप कशाला, दुकानात डबी मिळते की!" अहो, सत्त्व म्हणजे मुळात बरंचसं पिष्टच. त्यात मक्याचं नाहीतर बटाट्याचं पीठ मिसळलं तर डोळ्यांना काय कळणार? स्वस्त डबीवर माझा काडीचा विश्वास नाही. हेच दीर कोरोनापासून रोज सकाळी पेलाभर गुळवेलीचा काढा पितात. "झाडपाल्याने कसला अपाय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आईने रोज कधीच कुणाला दिलं नाही. ताप उतरला की बंद.

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं प्रसिद्ध केलं. ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं. त्या दुसरीच्या खोडावर मोठाले फोड असतात. तुमच्या वेलीला तसे असतील तर हात लावू नका. आणि हो, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, यकृताचं किंवा आमवातासारखं दुखणं असेल, घरात कुणी गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेलसुद्धा नको. दिरांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत, तरी ऐकत नाहीत.